रिकामी घडवंची

१

मुंबईहून अकोल्याला परतताना माझ्या डोक्यात एक घर होतं. त्यात धूर होता, शेंदराचे दगड होते, अंगाऱ्याची पुडी होती, आणि त्या सगळ्यावर मी झाडू फिरवणार होते. वसतिगृहाच्या खाटेवर पडून मी ते घर कितीदा तरी झाडून काढलं होतं.

प्रत्यक्षात आत्याच्या घरात पाऊल टाकलं तर झाडायला काही उरलंच नव्हतं. चतुरा आत्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात देव मोर्णा नदीत सोडले. देवांच्या कोनाड्याला तिनं स्वतः चुना दिला होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या काचेवर रुईचा कणही नव्हता. सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनाच्या मागे राहणाऱ्या माणसाच्या घरात ही साधी गोष्ट नव्हे. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनातून रुई उडते आणि आमच्या सगळ्या वस्तीवर पिठासारखी बसते. कौलांवर बसते, भाकरीवर बसते, झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर बसते.

मी आत्याला भूतबाधेबद्दल समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा ती हसली. "भूत नसते, मले मालूम हाय," ती म्हणाली. "तू आंघोळ करून घे."

मला थोडा रागच आला. इतकी वर्षं जिच्यासाठी शिकले तिला माझी गरजच दिसेना.

मग पाणी प्यायला वळले आणि घागरीखाली काय आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं.

२

घागर लहानपणापासून तिथंच होती. तिच्याखाली एक घडवंची होती, पोत्याच्या फडक्यात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. लाकूड भिजू नये म्हणून आत्यानं ते फडकं बांधलं असावं असं मी समजत होते. त्या दिवशी सुतळी जरा सैल झाली होती आणि फडक्यातून एक पंजा बाहेर आला होता. लाकडाचा पंजा. त्यानं एक गोळा घट्ट धरला होता.

मी फडकं सोडलं. आत काळंभोर लाकूड, शिशवीपेक्षाही काळं. चारही पायांवर बांबूची पेरं कोरलेली, वरच्या पट्टीवर फुलांनी लगडलेल्या फांद्या, आणि माथ्यावर गुलाबी दगडाची गोल फरशी. हे मी पाहिलं होतं. आमच्या वसतिगृहाच्या एका पारशी विश्वस्त बाईंच्या दिवाणखान्यात हुबेहूब असंच एक होतं, त्यावर निळी फुलदाणी ठेवलेली. चीनमधून आलेलं जुनं काम, हात लावायचा नाही, असं त्या आम्हा मुलींना सांगत.

आणि आमच्याकडे त्यावर पाण्याची घागर.

आत्याचे यजमान, माझे पुंजाजी मामा, कापसाच्या एका कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यावर रखवालदार होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा सामान लिलावात गेलं आणि ही घडवंची तो मामांना देऊन गेला. मामा वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी आत्याला म्हटलं, ही घागर ठेवायची वस्तू नाही, ही पाहायची वस्तू आहे.

"त्याच्यावर काहीतरी ठेवा लागते," आत्या म्हणाली.

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं, चिडवायला.

तिनं खांदे उडवले. "तुया मामा म्हने. साहेब म्हने. मी काही विचारलं नाई. पानी थंड राह्यते, बस."

मी घागर मोरीजवळच्या ओट्यावर नेऊन ठेवली. नागपूरहून बुद्धाची मूर्ती आणायची ठरलीच होती. ती येईपर्यंत ही जागा तिच्यासाठी राखून ठेवू असं मी जाहीर केलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घडवंचीकडे पाहिलं. "रिकामी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, रिकामी. तिनं पुढे वाद घातला नाही. मी शिकून आले होते आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

३

मी परतले होते ते ह्या घराच्या पुढच्या खोलीत बायकांचा वर्ग काढायला. अमरावतीला सरकारी शाळेत नोकरी मिळत होती, ती मी नाकारली होती. वस्तीतल्या बाया दुपारच्या वेळी मोकळ्या असत. सुंदराबाई आली, तिच्या दोन जावा आल्या, आणखी काही जणी आल्या. आणि सगळ्यांत शेवटी, माझा विश्वास बसेना, मनकर्णाबाई आली. ती माळ्याची. सकाळी बाजारात भाजी विकून परतताना आत्याच्या दारात टोपली उतरवून दोन गोष्टी बोलायची तिची जुनी सवय. पण उंबऱ्याच्या आत ती कधी आली नव्हती.

त्या दिवशीही ती उंबऱ्यावरच टेकली. आणि ती टेकताच आमच्या बाया सतरंजीवरून उठून मागे सरकल्या. कोणी सांगितलं नव्हतं. अंगातच होतं ते.

माझ्या डोळ्यांसमोर आत्याकडे येण्याआधीची, नांदगाव खंडेश्वरची शाळा आली. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांबरोबर पट्टीवर बसले होते आणि गुरुजींनी मला हाताला न धरता, छडीच्या टोकानं खुणावून उठवलं होतं. नंतर मी चपलांपाशी बसायचे. आजही कुठल्या खोलीत शिरले की आधी मला उठवणारं कोण आहे ते पाहते.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "ह्या खोलीत कोणी कोणासाठी उठायचं नाही. जिथं जागा दिसेल तिथं बसा. इथं एकदा जो बसला त्याला कोणीही उठवणार नाही. हा माझा शब्द आहे."

मग मनकर्णाबाई उठली, पदर सावरला, आत आली आणि सुंदराबाईच्या शेजारी धपकन बसली. "सरक वो जराशी," ती म्हणाली, "मास्तरीणबाईनं जागा देल्ली, पन तू सारी घेऊन बसली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. ती कोपऱ्यातल्या घडवंचीकडे पाहत होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडताना घडवंचीवर रुई बसलेली दिसली. सगळीकडे बसली होती तशीच. फक्त फरशीच्या मधोमध तळहाताएवढी जागा स्वच्छ होती.

मी ती पुसून टाकली. तिसऱ्या दिवशी ताटलीएवढी जागा स्वच्छ होती.

वाऱ्याचा झोत, असं मी स्वतःला सांगितलं. दाराची फट, कौलांतलं भोक, दगडाचा गुळगुळीतपणा. मी घडवंची दुसऱ्या कोपऱ्यात हलवली. ती मला एकटीला उचलेना, आत्याला हाक मारावी लागली. हलवताना आत्या काहीतरी पुटपुटली. मला वाटलं पंचशील म्हणते आहे, पण ती म्हणत होती, "जपून, जपून," आणि ते मला उद्देशून नव्हतं.

दुसऱ्या कोपऱ्यात दार नव्हतं, फट नव्हती. तिथंही तीच गत. स्वच्छ जागा आता गोल राहिली नव्हती. मागे रुंद, पुढे दोन लांबट भाग, फरशीच्या कडेपर्यंत आलेले. मी खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग स्वतःचीच लाज वाटली आणि फडक्यानं सगळं पुसून टाकलं.

आवाज त्यानंतर सुरू झाला. आधी मला तो जिनाचा वाटला. इंजिन सुरू असलं की आमची जमीन बारीक थरथरते, भांड्यांवर भांडी वाजतात. पण हा वेगळा होता. टक. टक. मऊ काहीतरी लाकडावर आपटल्यासारखा. उंच ओट्यावर बसलेलं पोर पाय हलवतं आणि टाचा दगडाला लागतात, तसा.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, इंजिन थांबलं. आवाज थांबला नाही.

वर्ग सुरू होता. बाया बाराखडी म्हणत होत्या. क, का, कि, की. टक, टक, टक, टक. मी मुद्दाम थांबले. बाया थांबल्या. तोही थांबला. मी "कु" म्हणाले.

टक.

मनकर्णाबाईनं पाटीवरून मान वर केली. तिनं घडवंचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई," ती हळूच म्हणाली, "तठी कोनी बसते का?"

मी म्हटलं, लाकूड आहे, उन्हाळ्याकडे तडतडतं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतर सुंदराबाईच्या जावा आल्या नाहीत. त्या आठवड्याच्या शेवटी सतरंजीवर एकटी सुंदराबाई होती, आणि तीही दाराजवळ बसली होती, पाठ भिंतीला लावून.

ज्यासाठी मी परत आले ते माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होतं, आणि कशामुळे, तर एका लाकडाच्या तुकड्यामुळे. मी ठरवलं, घडवंची ह्या घरातून जाईल.

५

अमरावतीचा ओमप्रकाश जुनं सामान विकत घेऊन मुंबईला पाठवी. बंगल्यांचे लिलाव त्यानंच उचललेले. अकोल्यात त्याची फेरी असे. मी निरोप धाडला आणि तो आला. घडवंचीभोवती तो फिरला, लाकडावर नख ओढून पाहिलं, पंजे पाहिले. वरच्या फरशीला मात्र त्यानं हात लावला नाही.

"हे लाकूड पान्यात टाकलं त बुडते," तो म्हणाला. "असं काम आता होत नाई. याची जोडी असते, बाई. दुसरी माह्या दुकानात पडून हाय. त्याच साहेबाची. दोनदा विकली, दोनदा वापस आली."

मी विचारलं, का परत येते.

त्यानं खिशातून विडी काढली आणि परत ठेवली. "लोकाइले पसंत पडत नाई. मी आता उलटी ठेवतो, पाय वर करून."

"काहून?" हे आत्यानं विचारलं.

"जागा कमी लागते," ओमप्रकाश म्हणाला, पण तो तिच्याकडे पाहत नव्हता.

उद्या सकाळी बैलांची दमणी घेऊन येतो आणि नेतो, असं ठरलं. आत्यानं हरकत घेतली नाही. घडवंची तिच्या नवऱ्याची, पण तिनं एकदाही तसं म्हटलं नाही. फक्त तो निघताना तिनं विचारलं, गाडीत कशी बांधणार.

"उलटी," तो म्हणाला. "पाय वर. नाईतं पाय तुटतीन."

आत्यानं पदराचं टोक तोंडात धरलं. तो गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, मेथीची भाजी निवडायला घेतली.

"घागर परत ठेवू का त्याच्यावर?" मी शेवटी विचारलं. "तू म्हणत होतीस, काहीतरी ठेवावं लागतं."

"तवा ठेवा लागत व्हतं," ती म्हणाली. "रिकामी जागा दिसली म्हंजे कोनीतरी बसते. घागर व्हती त कोनाले जागा दिसे नाई. आता कशी ठेवू, मैना? बसलेल्याच्या डोक्यावर?"

मी म्हटलं, आत्या, भूत नसतं, तूच म्हणालीस.

"नसतेच," ती म्हणाली. "मी भूत कोठी म्हनून राहिली? मी म्हनतो, कोनीतरी बसलं हाय. आन् तू सांगतलं व्हतं का इथी बसलेल्याले कोनी उठवनार नाई. साऱ्याइच्या समोर सांगतलं व्हतं. त्यानं ऐकलं असन."

मेथीची जुडी तिनं झटकली. "बापा, तुया शब्द मोठा. मले काय कळते."

६

दुपारी आत्या सुंदराबाईकडे गेली. वर्गाची वेळ झाली, कोणी आलं नाही. मी तरीही सतरंजी अंथरली. फळा पुसला. हट्ट होता तो, दुसरं काही नाही.

त्या दिवशी जिन जोरात चालू होता. दारातून उन्हाचा तिरका पट्टा आत आला होता, कोपऱ्यातल्या घडवंचीपर्यंत पोहोचलेला, आणि त्यात रुई उतरत होती. इतकी हळू की खाली येते आहे की नुसती तरंगते आहे ते कळू नये. मी फळ्यावर अ काढला. पाठ कोपऱ्याकडे होती.

"अ," मी मोठ्यानं म्हणाले.

टक.

"आ."

टक.

तिसरं अक्षर मी अर्धवट सोडलं. मी वळले.

घडवंचीवर काही नव्हतं. हे मी आधी सांगते, कारण ते खरं आहे. काळं लाकूड, गुलाबी फरशी, मागची चुन्याची भिंत स्पष्ट दिसत होती. पण उन्हाच्या पट्ट्यात उतरणारी रुई सगळीकडे जमिनीपर्यंत येत होती आणि तिथं येत नव्हती. फरशीच्या हातभर वर ती थांबत होती. कशावर तरी टेकत होती. एक कण, मग त्याच्या बाजूला दुसरा. एक बारीक पांढरी रेघ तयार होत होती, वाकलेली, जशी मान वाकते. तिच्या खाली दोन्हीकडे उतार. अरुंद. सात-आठ वर्षांच्या पोराचे खांदे असावेत इतके.

मी हलले नाही. मला अजूनही वाटत होतं की मी डोळे मिटून उघडले तर तो वाऱ्याचा खेळ ठरेल. मी मिटले, उघडले. रेघ तिथंच होती, थोडी दाट झालेली.

आणि ती फळ्याकडे वळलेली होती. घाबरायला हवं होतं, घाबरले होतेच. पण त्या वाकण्यात काहीतरी मला ओळखीचं वाटलं. लांबून बघावं लागतं तेव्हा माणूस तसा मान पुढे काढतो. चपलांपाशी बसून फळा बघायला लागतो तेव्हा.

मग ती मान माझ्याकडे फिरली. खांद्यांवरून रुई ओघळली, फरशीवर पडली, आणि पुन्हा नुसतं ऊन उरलं.

आत्या परत आली तेव्हा मी सतरंजीवर बसलेली होते. माझ्या केसांतली रुई तिनं एकेक करून वेचली. सांज होईपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीतच बसून राहिलो, आणि कोपऱ्यात अधूनमधून टाच वाजत होती, कंटाळलेल्या पोरासारखी.

७

सकाळी दमणीचे घुंगरू वाजले तेव्हा मी दारात उभी होते. ओमप्रकाशनं दोर, पोती, भाताचा पेंढा असं सगळं आणलं होतं. मी त्याला सांगितलं की घडवंची द्यायची नाही.

तो रागावला नाही. त्यानं दोर परत गाडीत टाकला आणि आत कोपऱ्याकडे एकवार नजर टाकली. तिथं घडवंचीच्या पायाशी, पंज्यांना टेकवून, मी एक पाटी ठेवली होती. पेन्सिल फरशीच्या कडेवर.

"मूर्ती येईल तेव्हा कुठं ठेवायची?" मी आत्याला सकाळी विचारलं होतं. ती चुलीशी फुंकणी घेऊन बसली होती. म्हणाली, "कोनाड्यात बसतीन. बुद्ध कोनाले उठवून थोडीच बसतीन."

मनकर्णाबाईच्या घरी मी उजाडताच जाऊन आले होते. खोटं सांगायचं नाही असं ठरवूनच गेले. तिचा प्रश्न बरोबर होता, तिथं कोणीतरी बसतं, आणि ते कोणालाही त्रास देत नाही, असं मी तिला सांगितलं. ती वाफ्यात पालक खुडत होती. मग म्हणाली, "कितवं अक्षर झालं त्याचं?" मी म्हटलं, आपल्याइतकंच. "मंग बरं हाय," ती म्हणाली. "पुढं गेलं असतं त मले लाज वाटली असती." येईन असं तिनं म्हटलं नाही, पण येणार नाही असंही म्हटलं नाही.

हे सगळं ओमप्रकाशला सांगण्यासारखं नव्हतं. तो गाडीवर चढत होता. त्याचा एक पाय चाकाच्या आऱ्यावर होता तेव्हा मी त्याला थांबवलं.

त्याच्या दुकानातली दुसरी घडवंची मला डोळ्यांसमोर दिसत होती. अंधारात, सामानाच्या मागे, पाय वर केलेली. तिला तसं ठेवलं तेव्हा ती रिकामी होती की नव्हती, कोणास ठाऊक. मी रात्री तोच विचार करत होते. भीतीही त्याचीच वाटत होती. एकाशी मी बोलले होते, एकाला शब्द दिला होता. दुसऱ्याचं मला काही माहीत नव्हतं. ते किती मोठं असेल, किती वर्षं उलटं असेल, आणि सरळ झाल्यावर कसं असेल.

"ती दुसरीही आणून द्या," मी म्हणाले.

तो वळून माझ्याकडे पाहत राहिला. मोबदल्यात काय द्यायचं ते मी विचारणार होते, पण त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला बोलायची गरजच पडली नाही. काही नको, तो म्हणाला, पुढच्या फेरीत अमरावतीहून आणून देतो, आठवडाभरात पोहोचेल.

"उलटी बांधू नका," मी म्हणाले. "सरळ आणा. पाय तुटले तरी चालतील."

आत्या माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि तिनं तो काढला नाही.

ओमप्रकाशनं कासरा हातात घेतला. मग हळू आवाजात, बैलांच्या पाठीकडे पाहत, विचारलं, "रिकामीच आनू ना, बाई?"

खोलीत टाच एकदा वाजली आणि थांबली, जणू माझं उत्तर ऐकायचं होतं.

"जशी असेल तशी आणा," मी म्हणाले.